डाव्या पायात निळी

दादाचा फोन मी दुकानात शिवणयंत्राच्या शेजारी ठेवते, कायम चार्जिंगला लावलेला. दादा गेल्या उन्हाळ्यात गेला. जिना चढताना छातीत कळ आली, मधल्या पायरीवर टेकला आणि उठलाच नाही. त्याचा फोन बंद करून टाकायचं काम माझ्याकडे दिलं होतं. आज करते, उद्या करते म्हणत मी ते ढकलत राहिले आणि शेवटी करायचंच नाही असं ठरवून मोकळी झाले. म्हणून त्याच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर जे काही येतं ते अजून मला वाचावं लागतं.

वाचावं लागतं म्हणजे काय, डोकं फिरतं. 'आज कारखान्याच्या कुंपणावर धोबी. एकच होता. शेपूट हलवत होता.' धोबी पक्षी शेपूट हलवणार नाही तर काय हलवणार? पण लगेच सातआठ जणांचे अंगठे वर. ही शिकलीसवरलेली माणसं थंडीत पहाटे उठतात, गळ्यात दुर्बिणी अडकवतात आणि कुठे जातात, तर गावाबाहेर मैलापाणी साफ करतात तिथे. तिथल्या शेवटच्या तळ्यावर म्हणे पक्षी चांगले उतरतात. दादा तिथून आला की मी नाक दाबायचे. तो म्हणायचा, "टिटवे, तुला नाक आहे, डोळे नाहीत." मला टिटवी म्हणणारा तोच पहिला. मी बोलायला लागले की गल्ली उठते, असं त्याचं म्हणणं होतं.

तरी या हिवाळ्यात मी एकही निरोप सोडला नाही. मी एका पक्ष्याची वाट बघत होते.

पाणटिवळा नावाचा पक्षी असतो. पाय लांब, चोच त्याहून लांब, दिवसभर चिखलात चोच खुपसत हिंडायचं एवढंच काम. थंडीत येतो, थंडी सरली की जातो. दादा आणि वहिनी दोघांनी पक्ष्यांना कड्या घालायचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या तळ्यावर जाळी लावली तेव्हा दोघांनी एकेका टिवळ्याच्या पायांत रंगीत कड्या घातल्या, म्हणजे पुढे कोणालाही तो कुठे दिसला तर ओळखता यावा. दादाच्या पक्ष्याला डाव्या पायात निळी, उजव्यात पिवळी. वहिनीच्या पक्ष्याला बरोबर उलट. या लोकांत एक रीत आहे, ज्याने कडी घातली त्याच्या नावाने पक्षी ओळखायचा. गेल्या हिवाळ्यात दोन्ही परत आले होते. दादा तेव्हा दारातूनच ओरडला होता, "आई, माझा आला!" आणि आईने कोणी पाहुणा आला समजून चहाचं आधण वाढवलं होतं.

या वर्षी दोन्ही दिसले नव्हते.

आई दादा गेल्यापासून घराबाहेर पडलेली नाही. पाय ठीक आहेत, डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला. जी बाई भाजीवाल्याशी भांडण्यासाठी दोन चौक ओलांडून जायची, ती आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असते. जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की झोपते. संध्याकाळी मी दुकान बंद करून आले की स्वतःहून एकच विचारते, "त्याचा पक्षी आला का गं?" मी नाही म्हणते. ती परत खिडकीकडे बघते. मला या प्रश्नाची अशी धास्ती बसली होती की कधीकधी मी उगाच शटरशी कुलूप घेऊन उभी राहायचे.

आणि आता तर थंडी उतरणीला लागली होती. दुपारचं ऊन टोचायला लागलं की पक्षीवाल्यांच्या निरोपांचा सूर बदलतो. कोण आलं हे कमी आणि कोण गेलं हेच जास्त. थापट्या बदकं गेली. चक्रांग निम्मे उरले. टिवळ्यांच्या छातीवर विटकरी रंग चढला, म्हणजे त्यांचीही निघायची तयारी. जायच्या आधी पक्ष्यांना चैन पडत नाही म्हणे. उठतात, एक चक्कर मारतात, परत बसतात. माझं तरी वेगळं काय चाललं होतं? यंत्रावर बसायचं, फोन बघायचा, उठायचं, दारात जायचं, परत बसायचं. त्या दिवसांत मी एका पँटची चेन उलटी लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

निरोप आला तेव्हा माझ्यासमोर एक गिऱ्हाईक उभं होतं. मी गुडघ्यावर बसून त्याच्या पँटची उंची टाचण्यांनी बसवत होते. एक पाय झाला होता, दुसरा राहिला होता. फोन वाजला, मी मान वाकडी करून बघितलं.

'मैलापाणी तळं. टिवळ्यांचा थवा. त्यातल्या एकाच्या डाव्या पायात निळी, उजव्या पायात पिवळी!!!'

पाठवणारा होता आमच्या चौकातला औषधवाला. याच हिवाळ्यात ग्रुपमध्ये आला होता आणि नव्याची नवलाई अशी होती की कावळा दिसला तरी कळवायचा. पण कड्यांच्या बाबतीत कोण खोटं बोलेल? पाठोपाठ गुरुजींचा निरोप आला. गुरुजी म्हणजे या सगळ्यांचे म्होरके, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. एरवी ते कोणाचंही म्हणणं चार प्रश्न विचारल्याशिवाय मान्य करत नाहीत. त्यांनी फक्त लिहिलं, 'आला आपला दोस्त.' मग जो तो लिहीतच सुटला.

मी त्या गिऱ्हाइकाला टाचण्यांसकट बाहेर काढलं. "अहो, एक पाय लांब, एक आखूड!" तो ओरडत होता. "उद्या या," म्हटलं आणि शटर ओढलं. घरापर्यंत मी पळत गेले. या वयात पळाले की काय होतं ते मला ठाऊक आहे, दादाचं झालं तेच होऊ शकतं, पण पळाले.

"आई, आला."

आईने माझ्याकडे बघितलं. काय आला, कोण आला, काही विचारलं नाही. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली आणि म्हणाली, "माझे बूट कुठे ठेवलेत तुम्ही?"

बूट पलंगाखाली होते, वापर नसल्याने ताठ झालेले. मी ते तिच्या पायात घालताना इतकी रडले की नाडी दिसेना. संध्याकाळ होत आली होती, आज जाऊन उपयोग नाही हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला. तरी तिने बूट काही काढले नाहीत. बुटांसकट बसून जेवली.

वहिनी इस्पितळात एक्स-रे काढते. तिला मी कळवायच्या आधीच तिने ग्रुपवर वाचलं असणार, पण तिचा फोन नाही, काही नाही. शेवटी मीच लावला.

"वाचलंस का?"

"वाचलं."

"मग?"

"मग काय. फोटो बघितला मी. घरी येते, मग बोलू."

मला तिचा आवाजच आवडला नाही. निरोपासोबतचा फोटो मीही बघितला होता. धूसर होता, पण पक्षी सरळ आमच्याकडे तोंड करून उभा होता आणि कड्या दिसत होत्या, डावीकडे निळी, उजवीकडे पिवळी. अजून काय पाहिजे होतं बाईला?

ती घरी आली ती नुसती या खोलीतून त्या खोलीत. धुतलेली भांडी परत धुतली. गॅलरीत गेली, आत आली. आईच्या पायातले बूट बघितले आणि जागच्या जागी थांबली. मग मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "उद्या आईंना नको नेऊस."

"का?"

"धुकं असतं. वास असतो. तिथे बसायला जागा नाही. दोन दिवस थांब, मी सांगते."

"दोन दिवसांत थवा उडून गेला म्हणजे?"

तिने ओट्यावरच्या फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"वहिनी, तुला दादाचं काही नकोच झालंय का आता? स्पष्ट सांग तसं."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर भांडी आदळत राहिले.

सकाळी उठले तर ती घरात नव्हती. सकाळची पाळी असेल म्हटलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. औषधवाला त्याची गाडी घेऊन आला. आईला स्वेटरवर स्वेटर घातले, कानाला मफलर गुंडाळला. जिना उतरताना ती मधल्या पायरीवर थांबली. मी तिचा दंड धरला. ती म्हणाली, "धर नको, उतरते मी," आणि उतरली. रस्ताभर औषधवाला आपण पक्षी कसा शोधला ते सांगत होता. आई त्याला म्हणाली, "गाडी चालव बाबा, मागे बघू नकोस."

तळ्यावर धुकं होतंच, आणि वासही, त्याबाबतीत वहिनीचं खोटं नव्हतं. बांधावर गुरुजी आणि चारपाच जण स्टँडवरची मोठी दुर्बीण लावून उभे होते. आईला बघून सगळे बाजूला झाले. फाटकावरच्या रखवालदाराने आपली प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. गुरुजींनी स्टँडचे पाय खाली सरकवून दुर्बीण तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणली आणि एरवी वर्गावर ओरडावं तसं बोलणारा तो माणूस अगदी हळू म्हणाला, "काकू, हलवू नका. नुसता डोळा लावा. मधोमध आहे."

आईने डोळा लावला. मग म्हणाली, "बारीक झालाय."

दादा कुठूनही परत आला की ती हेच म्हणायची. तो पोट सुटलेला माणूस होता, तरी बारीक झालाय. मला हसू आलं. औषधवाल्याने नाक शिंकरलं. गुरुजी पाण्याकडे बघत राहिले. मला त्या क्षणी ही सगळी येडी माणसं फार आवडली.

तेवढ्यात पलीकडच्या काठाने कोणीतरी चालत येताना दिसलं. वहिनी होती. गुडघ्यापर्यंत चिखल, गळ्यात दादाची दुर्बीण, ओठ थंडीने काळेनिळे. ती पाळीला गेलीच नव्हती. उजाडल्यापासून ती त्या बाजूला होती, असं रखवालदार म्हणाला. ती जवळ आली, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लांबच उभी राहिली.

"मलाही बघू दे," म्हणून मी दुर्बिणीला डोळा लावला. टिवळा आमच्याकडे तोंड करून उभा होता. चोच ओली, छातीवर विटकरी रंग. लांब पाय, डावीकडे निळी, उजवीकडे पिवळी. मी मनात 'दादा' म्हणाले. मग पक्षी वळला. पाठ आमच्याकडे केली आणि चिखलात दोन पावलं पुढे गेला. निळी कडी उजवीकडे गेली.

मी डोळा काढला, पुसला, परत लावला. पक्षी पाठमोराच होता. निळी उजवीकडेच होती. आता तो आणि मी एकाच दिशेला तोंड करून होतो. त्याचा उजवा तो माझा उजवा. म्हणजे निळी त्याच्या उजव्या पायात होती, आणि उजव्या पायात निळी म्हणजे दादाचा नव्हे. वहिनीचा.

जन्म गेला माझा माणसांसमोर गुडघ्यावर बसण्यात. गिऱ्हाइकाचा डावा पाय माझ्या उजव्या हाताला असतो, हे मला कोणी सांगायला नको. तरी काल फोटो बघून मला कळलं नव्हतं, कारण कळून घ्यायचंच नव्हतं. मी गुरुजींकडे बघितलं. त्यांनीही गळ्यातल्या दुर्बिणीतून ओळखलं होतं बहुतेक, त्यांचा चेहरा पडला होता. नव्या माणसाला ते पहिली गोष्ट हीच शिकवतात: डावा म्हणजे पक्ष्याचा डावा, तुमचा नाही. औषधवाला पुटपुटला, "मी समोरून पाहिला होता..." गुरुजी त्याला काहीच बोलले नाहीत. स्वतः त्यांनी तरी कुठे विचारलं होतं?

मग मला वहिनीचं कालचं सगळं कळलं. एक्स-रेची फिल्म दिवसभर हाताळणारी बाई, तिथे डावं-उजवं उलटंच दिसतं, तिला फोटो बघताक्षणी कळलं असणार. आणि घरी आली तर आई पायात बूट घालून बसलेली. मला माझी लाज वाटली. पण त्याहून जास्त भीती वाटत होती. आईला कळलं तर ती त्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसेल, आणि या वेळी उठणार नाही. मी वहिनीला डोळ्यांनी खुणावलं, बोलू नकोस. हात जोडले म्हटलं तरी चालेल.

आईने मफलर कानावरून मागे केला. "काय झालं? सगळे गप्प का?" तिने वहिनीकडे बघितलं. "तू सांग गं. हा त्याचाच ना? त्यानेच घातली ना याला कडी?"

वहिनी खुर्चीपाशी आली. "नाही आई. ही मी घातलेली. हा माझा."

"मग कालपासून मला काय सांगताय सगळे?"

"चुकलं आमचं," गुरुजी म्हणाले. "काकू, माझं चुकलं."

आईने दुर्बीण हाताने बाजूला लोटली. "चला घरी," मला म्हणाली. आवाजात काही नव्हतं, रागसुद्धा नाही. ती उठायला लागली. मला वहिनीचा असा संताप आला की तिला धरून हलवावं. एक शब्द, एकच शब्द खोटा बोलली असती तर काय बिघडलं असतं?

वहिनी चिखलाच्या पायांनी तिच्यासमोर खाली बसली.

"आई, थांबा ना. एकट्याने कडी घालता येत नाही. एकाने धरायचं, एकाने घालायची. याला कडी मी घातली, पण धरला होता त्यांनी."

आई अर्धवट उठलेली तशीच थांबली. "कोणी?"

"यांनी. याला. दोन्ही हातांत धरला होता."

"हाच?"

"हाच. मी कडी बसवेपर्यंत हा त्यांच्या हातात होता. मला वेळ लागत होता, बोटं गारठलेली. ते म्हणत होते, लवकर कर, घाबरलाय."

आई परत खुर्चीत बसली. "कसा धरला होता?"

वहिनीने तिचे दोन्ही हात घेतले. हातमोजे काढले. एका तळव्यावर पक्ष्याचं पोट टेकतं, दुसरा हात वरून, पंख मिटलेले राहतील इतपतच, दाबायचं नाही, पाय खाली मोकळे. आईची बोटं संधिवाताने वाकडी झालेली आहेत. वहिनीने ती एकेक करून बसवली. "असा. आणि त्याच्याशी बोलत होते सारखे. झालं, झालं, झालं बाळा, असं."

"ते माझं आहे," आई म्हणाली. "त्याची नखं कापताना मी म्हणायचे. फार नाचायचा नखं कापताना." आणि ती रडायला लागली. दादा गेल्यापासून ती रडली नव्हती. अंगणात गर्दी होती तेव्हा नाही, नंतरही नाही. आता रिकामे हात तसेच धरून ती हुंदके देत होती आणि हात काही सोडत नव्हती. आम्ही कोणी तिला आवरलं नाही.

रडणं ओसरल्यावर तिने वहिनीच्या पायांकडे बघितलं.

"आणि तू एवढ्या चिखलात काय करत होतीस?"

"त्यांचा शोधत होते." वहिनी हसायला गेली आणि जमलं नाही. "वाटलं, हा आलाय तर तोही असेल थव्यात. तुम्ही यायच्या आत सापडला तर... पलीकडचा सगळा काठ बघितला. नाही दिसला. तो मी धरला होता, आई."

इतके महिने मी आईकडे बघत होते, फोनकडे बघत होते, स्वतःकडे तर बघतच होते. या बाईचं काय गेलं, हे मी एकदाही तिला विचारलं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

"उद्या परत येऊ," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गुरुजींनी घसा साफ केला. "उद्याचं सांगता येत नाही. वारा फिरलाय. सकाळपासून दोनदा उठून बसलेत. आज दुपारीसुद्धा जातील." तळ्यावर टिवळे इकडून तिकडे सरकत होते. चारदोन उडाले, पाण्यावर फेरी मारली, परत उतरले.

आईने बाहीने तोंड पुसलं, मफलर घट्ट केला आणि उठली. कोणाचा हात न धरता.

"मग उद्या कशाला? हिचा कुठला काठ बघायचा राहिलाय ते विचारा," ती म्हणाली. "आणि माझी खुर्ची घ्या तिकडे."

मी खुर्ची उचलली.